मदत हवी आहे : मंदीनंतर वाढलेली जिल्ह्याजिल्ह्यांतली दरी आकड्यांत कशी दाखवायची?

मंडळी, नमस्कार.

परभणीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिलिंग. जिनिंग आणि डाळ मिलच्या दुरुस्तीची कामं. आम्हा लघुउद्योजकांतर्फे पालकमंत्र्यांना निवेदन द्यायचं ठरलंय आणि ते लिहिणं माझ्या गळ्यात पडलंय. 'मराठवाड्यावर अन्याय' हे सगळ्यांना पाठ आहे, मंत्र्यांना तर जास्तच. म्हणून आकडे द्यायचेत.

मला दिसतं ते असं : दरी मंदीत वाढली नाही, मंदीतून वर येताना वाढली. २०२०-२१ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या वर्षी, राज्यातले उद्योग आणि सेवा घसरल्या, शेती वाढली. त्यामुळे आमच्यासारखे शेतीवरचे जिल्हे त्या वर्षी कागदावर बरे दिसतात. चाकणहून परतलेली दोन पोरं तेव्हा माझ्याकडे लेथवर लागली होती. दिवाळीनंतर ठेकेदाराचा फोन आला, दोघंही गेली. तिकडे ऑर्डर आल्या होत्या, इकडे नव्हत्या.

मग मदत. केंद्राच्या आपत्कालीन पतहमी योजनेत २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमची जेवढी कर्जबाकी, तिच्या २० टक्के नवं कर्ज, तारणाशिवाय. माझ्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) खात्यावर तीन लाख बाकी होती, मला साठ हजार मिळाले. चाकणच्या मावसभावाची चाळीस लाख होती, त्याला आठ लाख. बँकेने काही चुकीचं केलं नाही, नियमच तसा. पण ज्या भागात आधीच कर्ज कमी पोचलंय, तिथे मदतही त्याच मापाने आली.

राज्याचं बघा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकासावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि ४ मेला विकासकामांच्या निधीला ६७ टक्के कात्री लावणारा शासन निर्णय निघाला. मधे चार दिवस! मंडळं पुन्हा स्थापायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये.

आता अडचण. राज्याच्या दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांची तूट, काढला तो रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने, वीज, अगदी गुरांचे दवाखानेसुद्धा धरून. त्यात कारखान्यांना मिळालेलं कर्ज किंवा रोजगार नाही. मग मी मोजू काय? रिझर्व्ह बँक जिल्हावार ठेवी आणि कर्जं दर तिमाहीला देते, ते आकडे चालतील? प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीचा अहवाल कुणी नीट वाचलाय का? आणि जर्मनीत बेरोजगारी वगैरे बघून मागास भाग ठरवतात आणि तिथल्या गुंतवणुकीला अनुदान देतात म्हणे, १९६९ पासून. तिकडे राहणाऱ्या कुणी त्याचा अनुभव सांगितला तर बरं होईल.

प्रतिसाद १

जर्मनीचं मला माहीत नाही. बँकेतून निवृत्त झालोय, तेवढ्यापुरतं सांगतो. नुसतं कर्ज-ठेव प्रमाण देऊ नका. त्यात पीककर्ज असतं, खरिपात ते फुगतं आणि समोरचा म्हणेल, 'तुमचं तर छान चाललंय.' मार्चची तुलना मार्चशीच करा आणि उद्योगाचं कर्ज वेगळं काढा. दुसरं म्हणजे, कर्ज मंजूर कुठे झालं आणि वापरलं कुठे, हे दोन वेगळे आकडे असतात. वापराचा घ्या. नाहीतर मुंबईतल्या शाखेने मंजूर केलेलं, पण कारखाना भलतीकडेच असलेलं कर्जही मुंबईच्याच नावावर दिसेल.

आणि मागणी एकच ठेवा. पुढच्या वेळी मदत कर्जबाकीच्या टक्क्यात नको, ठरावीक किमान रक्कम द्या. दहा मागण्या दिल्यात तर फोटोपुरतं निवेदन होतं.

धागाकर्ता

काका, लाख धन्यवाद. किमान रकमेचं डोक्यातच आलं नव्हतं, ते पहिल्याच परिच्छेदात टाकतो. एक शंका अजून : पतसंस्थेचं कर्ज आणि फायनान्स कंपनीकडे ठेवलेलं सोनं या आकड्यांत येतं का? आमच्या एमआयडीसीतल्या निम्म्या शेड त्यावरच चालतात.

प्रतिसाद १

नाही येत. ते तुम्हालाच शेड-शेड फिरून, वही घेऊन लिहावं लागेल. व्याजाचा दर विचारायला विसरू नका.

धागाकर्ता

रविवारी निघतो. सोन्याचं कुणी खरं सांगेल का, हाच प्रश्न आहे. सुरुवात स्वतःपासून करतो : बायकोच्या पाटल्या, २०२१ पासून.