पीआरएससाठी (प्रिसिजन रायफल सिरीज, लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या मॅचेस) पहिली रायफल, काडतूस कुठलं: ६.५ क्रीडमूर, ६ डॅशर की सरळ .३०८?

डॅलसकर_मावळा:
नमस्कार मंडळी, टेक्सासात असतो. कॉलेजात एनसीसीची .२२ चालवली तेवढाच अनुभव, पण यंदा मित्राची .३०८ घेऊन दोन मॅचेस मारल्या आणि किडा चावला. आता स्वतःची घ्यायचीय. दुकानदार म्हणतो .३०८ घे कायम चालेल, रेंजवरची पोरं म्हणतात डॅशरशिवाय पर्याय नाही, आणि माझ्याकडे रीलोडिंगचं (काडतुसं घरी भरायचं) सामान नाही नि सध्या घ्यायचंही नाही. काय करू?

वारा_वाचक:
रीलोडिंग नाही म्हणालास तिथेच डॅशर बाद. भारी काडतूस आहे, ६ बीआर काडतुसाचा खांदा (मानेकडे निमुळता होणारा भाग) पुढे ढकलून केलेलं, पण ते खरं खुलतं घरी भरणाऱ्यांच्या हातात. क्रीडमूरची मॅच ग्रेड काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात. हॉर्नेडीने २००७ मध्ये आणलं तेच मुळी टार्गेट शूटिंगसाठी. १४० ग्रेन वजनाची गोळी २७१० फूट प्रतिसेकंदाने निघते, आणि हजार यार्डावर ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात .३०८ च्या १७५ ग्रेनपेक्षा साधारण दोन फूट कमी सरकते. वारा वाचण्यात तू चुकणारच आहेस, सगळेच चुकतात, तर ती चूक निदान स्वस्तात पडावी.

जुनी_खोडं:
वाऱ्याचं बरोबर, पण लोक डॅशरसारख्या ६ एमएमकडे का गेले ते राहिलं. रिकॉइल! बॅरिकेडवर (मॅचमधल्या आडोशावर) वेडंवाकडं टेकून मारताना धक्का कमी असला की रायफल जागची हलत नाही आणि आपली गोळी निशाण्याच्या प्लेटच्या डावीकडे पडली की उजवीकडे ते स्कोपमधून आपल्यालाच दिसतं, मग पुढचा शॉट लगेच सुधारता येतो. .३०८ ने उडी मारली की संपलं, धूळ बघेपर्यंत वेळ गेलेला असतो.
आणि हो, .३०८ अगदीच टाकाऊ नाही हं. पीआरएसच्या टॅक्टिकल डिव्हिजनमध्ये फक्त .३०८ आणि .२२३ चालतात, एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या दुसऱ्या स्पर्धाप्रकारातही तेच दोन. तिकडे जायचं असेल तर घे. बॅरलही ५००० राउंडच्या पुढे जाते, क्रीडमूरची अडीच-तीन हजारांत थकते, ६ क्रीडमूरची (तिचीच ६ एमएम आवृत्ती) तर त्याच्याही आधी. दोन दिवसांच्या मॅचला दोनशेच्या आसपास राउंड जातात, सरावाचे वेगळे, हिशोब कर.

रंकाळ्यावरून:
मी ५० मीटरवाला, आमच्याकडे हे हजार यार्ड वगैरे नाही, त्यामुळे काडतुसाचं सांगत नाही. पण कोल्हापुरात आता कुणालाही विचारा, स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं ते .२२ नेच. तू पण एक .२२ जोडीला घे. २०० यार्डांवर ती इवलीशी गोळी वाऱ्यात अशी वाहवते की सगळा माज उतरतो, आणि राउंड मोठ्या काडतुसाच्या मानाने खूपच स्वस्त.

डॅलसकर_मावळा:
क्रीडमूर फायनल, टॅक्टिकलचा विचार पुढे कधीतरी. .२२ ची आयडिया पण आवडली, तिच्यात काय घालू, ईलीची काडतुसं की लापुआची?

रंकाळ्यावरून:
नाव बघून पेटी उचलू नकोस. चार-पाच वेगवेगळ्या लॉटचा (एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा) एकेक डबा आण, शांत हवेत टेकून प्रत्येकाचे ग्रुप मार, ज्याचा ग्रुप सगळ्यात घट्ट तो लॉट नंबर लिहून ठेव आणि मग त्याच लॉटची पेटी घे. माझ्या रायफलला महागातलं अजिबात मानवलं नाही.