लुकअपला थ्रेड पूल हे उत्तर नाही

ईव्हेंटलूप: काल इथे कुणीतरी लिहिलं, "होस्टनेम लुकअप थ्रेड पूलवर टाका, विषय संपला." म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधायचं काम राखीव थ्रेडच्या (प्रोग्रॅममधल्या समांतर कामकऱ्यांच्या) गटाकडे द्या. कसा संपला? नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) लिबयूव्ही या तिच्या लायब्ररीचा पूल मुळात ४ थ्रेडचा. गेटअ‍ॅडरइन्फो म्हणजे नाव शोधून देणारं सिस्टिमचं फंक्शन; तशा संथ कामाला त्यातले निम्मेच, म्हणजे २. उत्तरच न येणारी दोन नावं आली की जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) प्रत्येकी ५ सेकंद वाट बघते, वर परत विचारते. तोवर तिसरं, धडधाकट नाव रांगेत! सी-एरेस (नावं शोधणारी वेगळी लायब्ररी) घ्या. ते स्वतः यूडीपी निरोपाने डीएनएसला (नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतं, त्या जोडणीचं सॉकेट लूपकडे (सगळी कामं एकाच थ्रेडवर आळीपाळीने बघणाऱ्या चक्राकडे) देतं. वेगळा थ्रेड लागतच नाही.

जुना_युनिक्सवाला: आणि एनएसस्विच, म्हणजे नावं कुठे कुठे शोधायची ते सिस्टिमला सांगणारी यादी? आमच्या ऑफिसातली '.लोकल' (स्थानिक नेटवर्कपुरती) नावं पिंगला सापडायची, सी-एरेसवाल्या सेवेला नाही; त्या यादीतले सगळे मार्ग ते वापरत नाही. दोन दिवस नेटवर्कवाल्यांशी भांडलो, चूक आमचीच निघाली. माझ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक ग्राहकाला वेगळा थ्रेड आहे. लुकअप अडकलं तर तो एकच ग्राहक थांबतो. लूपवाल्यांचं दुखणं आमच्या गळ्यात कशाला?

थेट_आयपी: मुळात नावं शोधताच कशाला? होस्ट्स फाईलमध्ये (मशीनवरच्या नाव-पत्ता यादीत) आयपी लिहा.

रात्रपाळी: कृपा करून हा सल्ला देऊ नका! असं लिहून ठेवणारा नोकरी सोडून गेला. डेटाबेस हलवला तेव्हा ११ मशीनवर जुनाच पत्ता. रात्री २ वाजता एकेक फाईल मी उघडली आहे.

थेट_आयपी: तो तुमच्या शिस्तीचा प्रश्न. आमच्याकडे त्या फाईली स्क्रिप्ट लिहिते.

रात्रपाळी: शिस्त मला शिकवू नका. स्क्रिप्टने पत्ते वाटायचे तर डीएनएसच चालवा की!

थेट_आयपी: आणि कुबरनेटिसमध्ये (अनेक मशीनच्या क्लस्टरवर प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली)? तिथे एनडॉट्स (नावातल्या टिंबांची मर्यादा) ५. नावात ५ पेक्षा कमी टिंबं असली की नाव शोधणारा कोड आधी क्लस्टरचे सगळे सर्च डोमेन (नावामागे लावायची शेपटं) जोडून बघतो, प्रत्येकाला ए आणि एएएए (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्त्याची) दोन्ही विचारणा. एका बाहेरच्या नावासाठी केवढी वर्दळ!

रात्रपाळी: नावाच्या शेवटी टिंब द्या, थेट विचारतो. त्यासाठी फाईल नको.

थेट_आयपी: टिंबाचं मान्य. बाकीचं नाही.

ईव्हेंटलूप: मूळ मुद्द्यावर या. @जुना_युनिक्सवाला, ग्राहक निघून गेला तर गेटअ‍ॅडरइन्फोत अडकलेला थ्रेड सोडवणार कसा?

जुना_युनिक्सवाला: नाही सोडवता येत. एकदा सिगअलार्मने (ठरल्या वेळी प्रोग्रॅमला टोकणाऱ्या सिग्नलने) टाइमआउट लावला होता. भलत्याच थ्रेडमध्ये उडी बसून प्रोग्रॅम कोसळला. तेवढं तुमचं खरं. पण '.लोकल' नाव शोधून दाखवाल तेव्हाच माझ्या सर्व्हरला हात लावीन.