क्लेब्सिएलावर लस का निघत नाही?

कवलापूरकर:
मागच्या महिन्यात आमचे आप्पा मिरजेत आयसीयूत होते, ऑपरेशन नीट झालं पण ताप काय हटेना, कल्चर केलं तर क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि रिपोर्टात सगळ्या औषधांपुढं रेझिस्टंट रेझिस्टंट, म्हणजे औषध लागूच पडत नाही, मेरोपेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकला पण. शेवटी कोलिस्टिन ह्या शेवटच्या पर्यायाच्या अँटिबायोटिकवर निभावलं, त्यानं किडनीला त्रास होतो म्हणून ती काळजी अजून हायच. कोरोनाची लस वर्षात आली मग ह्याच्यावर का नाही? आणि अँटिबॉडीचं इंजेक्शन असतंय म्हणतात ते काय?

लॅबमधला:
आप्पा सुटले हे वाचून खरंच बरं वाटलं. मी मायक्रोबायोलॉजी लॅबला आहे, असला रिपोर्ट टाइप करताना पोटात गोळा येतो. क्लेब्सिएलाच्या अंगावर साखरेचं जाड कवच असतं, लस द्यायची तर त्या कवचाची ओळख शरीराला करून द्यायची, पण कवचाचे प्रकार सत्तरच्या वर, एक ओळखला तर दुसरा निसटतो. म्हणून आता कवचाखालच्या ओ अँटिजेनवर, म्हणजे जंतूच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळीवर, काम चाललंय, त्याचे प्रकार थोडेच आहेत. सोपं नाही हे, स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) ह्या दुसऱ्या जंतूवरची फायझरची लस मणक्याच्या ऑपरेशनच्या पेशंटवर ट्रायलला होती, 2018 ला थांबवली, उपयोगच दिसेना.

बत्तीस शिराळा:
अँटिबॉडीचं आमच्याकडं पटकन कळतंय. साप चावल्यावर देतात तिला लोक सापाची लस म्हणतात पण ती लस नव्हेच, घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या आयत्या अँटिबॉडी त्या, म्हणजे विषाला किंवा जंतूला चिकटून निकामी करणारी प्रथिनं. घटसर्पावर बेरिंग आणि कितासातोनी 1890 ला हीच वाट दाखवली, अँटिबायोटिक्स नव्हतीच तेव्हा. लसीनं शरीर शिकायला आठवडे जातात, आप्पांकडं तेवढे दिवस कुठं होते भावा.

लॅबमधला:
बरोबर, पण त्या अँटिबॉडी विषावर चालतात. इथं जिवंत जंतू आणि त्याचा नेमका प्रकार आधी कळायला पाहिजे, तोवर पेशंट हातचा जातो.

कराडची आई:
पण ज्या लसी हायत त्या तरी घ्या की! सिंधमध्ये 2016 पासून असा टायफॉइड पसरला की गोळ्यांत फक्त अझिथ्रोमायसिन चालायचं, मग 2019 ला पाकिस्ताननं टायफॉइड कॉन्जुगेट लस मुलांच्या नेहमीच्या लसीकरणातच घेतली. आपल्याकडं ती खाजगीत मिळते. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची न्यूमोकोकल लस मात्र सरकारी दवाखान्यात फुकट हाय, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्याला. पोर आजारीच पडलं नाही तर अँटिबायोटिकचा कोर्सच लागत नाही, मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं.

कवलापूरकर:
ताई, आत्ता पुतण्याचं कार्ड काढून बघितलं, नऊ महिन्याचा राहिलाय. उद्या सकाळी आशाताईंना गाठतो.