क्रूझवर केबिन गार कशी ठेवायची?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन क्रूझवर जातोय, बाल्कनीवाली केबिन आहे. मागच्या वेळी एसी फुल करूनही दुपारी खोली तापायची, आईला रात्री झोपच लागायची नाही. काय करता येईल?

उत्तर: बाल्कनीचं दार उघडं ठेवत होतात का? बऱ्याच जहाजांवर दार उघडलं की एसी आपोआप बंद होतो, आणि बाहेरची दमट हवा आत शिरली की खोली परत गार व्हायला खूप वेळ लागतो. बाहेर पडताना जाड पडदे पूर्ण ओढून जा, याने खरंच खूप फरक पडतो.

उत्तर: दार बंद असूनही गार होत नसेल तर पहिल्याच दिवशी स्टुअर्डला (केबिनची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला) सांगा, व्हेंट बंद असेल किंवा थर्मोस्टॅट बिघडला असेल तर ते माणूस पाठवतात, उगाच सहन करत बसू नका. आईंसाठी चार्जिंगचा छोटा पंखा न्या पण आधी कंपनीच्या नियमात बसतो का बघा.

उत्तर: बुकिंग बदलता येत असेल तर बाजूही बघा. उत्तर गोलार्धात जहाज पश्चिमेला जात असेल तर डावी बाजू दक्षिणेकडे येते, तिथे ऊन जास्त.

प्रश्नकर्ता: दार उघडंच असायचं, बाबांना समुद्राचा आवाज आवडतो म्हणून! थँक्यू सगळ्यांना.