ट्रायग्लिसराइड्स २८५ आलेत, गोळीशिवाय खाली येतील का?

रोजची_घाई
नमस्कार मंडळी, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची टेस्ट) केलं त्यात टोटल कोलेस्टेरॉल २२४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) २८५, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३१ आलंय. वय ४१, काम सगळं बसून, पोट बऱ्यापैकी सुटलंय. डॉक्टर म्हणाले तीन महिने खाणं आणि व्यायाम सुधारा, परत टेस्ट करू आणि मग गोळीचं ठरवू. तेव्हापासून तेलकट सगळं बंद केलंय, सकाळी फक्त ब्रेड आणि मोठा ग्लासभर फळांचा ज्यूस, रात्री भात. शनिवार-रविवार थोडी बिअर होते. हे बरोबर चाललंय का? आणि चार आकड्यांपैकी नक्की कुठल्याच्या मागे लागायचं?

सावकाश_पण_रोज
आधी ट्रायग्लिसराइड्स. १५० च्या आत हवेत, २०० च्या वर गेले की जास्तच धरतात. आणि तुमचा रिपोर्ट बघता तेल बंद करून फार काही हाताला लागणार नाही, कारण हा आकडा तेलापेक्षा साखर, मैदा, दारू आणि पोटावरच्या वजनाने जास्त वाढतो. गरजेपेक्षा जास्त साखर आली की लिव्हर तिची चरबी बनवतं आणि रक्तात सोडतं, म्हणजे ताटात तेल नसलं तरी रक्तात चरबी येतेच. तुम्ही तेल काढलंत आणि त्याच्या जागी ब्रेड, भात, ज्यूस आणलंत, तिथेच गडबड आहे. ग्लासभर ज्यूसला तीन-चार संत्री लागतात, तेवढी आपण एका वेळी चावून कधी खात नाही, शिवाय चोथा गाळून टाकलेला. त्यापेक्षा एक अख्खं फळ खा. बाटलीतल्या थंड पेयाचं तर लेबलच वाचा, १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर लिहिलेली असते, ३३० मिलीचा कॅन म्हणजे आठ चमचे साखर पोटात. हे पूर्ण बंद करा, "कमी करतो" असं नको.

बिअरचं म्हणाल तर हे तीन महिने थेंबही नको. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असताना दारू हा प्रकार फार त्रास देतो, काही जणांचा आकडा ती सोडल्यावरच खाली येतो. आणि वजन, ८० किलो असाल तर ४ ते ८ किलो कमी झालं तरी ट्रायग्लिसराइड्समध्ये साधारण २० टक्के फरक पडू शकतो.

पायी_पायी
व्यायामाबद्दल मी लिहितो कारण लोक इथे उगाच जिमची भीती घालतात. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, एवढं पुरतं सुरुवातीला. स्नायू वापरले की ते रक्तातली चरबी ओढून जाळतात आणि हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून रविवारी एकदम दोन तास चालून उरलेला आठवडा खुर्चीत बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. त्यात आठवड्यातून दोनदा वजनं उचला किंवा उठाबशा वगैरे काढा. एचडीएल हळूहळू वाढेल, खूप नाही पण वाढतं, सिगारेट असेल तर ती सोडल्यावरही वाढतं. फक्त एलडीएल चालण्याने फारसं हलत नाही, ती अपेक्षा ठेवू नका म्हणजे निराश होणार नाही.

रिपोर्टवाली
दोघांनीही बरोबर लिहिलंय, एलडीएलचं मात्र राहिलं. तिथे तेलातुपाचा प्रश्न खरा आहे, पण कुठलं ते बघायचं. बटर, चीज, चरबीचं मांस, नारळाचं आणि पाम तेल यांनी एलडीएल वाढतं, तेव्हा त्यांच्या जागी सूर्यफूल, मोहरी, ऑलिव्हसारखी तेलं, बदाम-अक्रोड, मासे आणा. फॅट बंद नाही करायचं, बदलायचं. सोबत ओट्स, बार्ली, कडधान्यं, सफरचंद यातला विरघळणारा फायबर रोज ५ ते १० ग्रॅम गेला तर एलडीएल साधारण ५ टक्के उतरतं. आकडा लहान वाटेल पण सगळं मिळून बेरीज होते.

टेस्टबद्दल, डॉक्टरांनी उपाशीपोटी सांगितली असेल तर १० ते १२ तास काही खाऊ नका, पाणी चालेल. आदल्या रात्री दारू किंवा नुकताच ताप असेल तर आकडे फसवतात. आणि टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) झालंय का बघा. थायरॉइड मंद असेल किंवा शुगर लपून वाढलेली असेल तर कितीही चाललात तरी लिपिड हटत नाही, आधी ते दुरुस्त करावं लागतं.

रोजची_घाई
खूप आभार सगळ्यांचे, ज्यूस आजपासून बंद, बिअरही. टीएसएच केलेलंच नाही, विचारतो. एक राहिलं, फिश ऑइलच्या कॅप्सूल सुरू करू का?

रिपोर्टवाली
मनाने नको दादा. दुकानातल्या १००० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-३ साधारण ३०० मिग्रॅच असतं, ट्रायग्लिसराइड्ससाठी डॉक्टर देतात तो डोस दिवसाला २ ते ४ ग्रॅमचा असतो आणि तो त्यांच्या देखरेखीखालीच घ्यायचा. आणि एक कृपा करून लक्षात ठेवा, ट्रायग्लिसराइड्स कधी ५०० च्या वर गेले तर तीन महिने थांबायचं नाही, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, लगेच डॉक्टर गाठायचे. तसंच एलडीएल १९० च्या वर किंवा घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर तो बऱ्याचदा आनुवंशिक प्रकार असतो, तिथे चालणं-खाणं हवंच पण गोळीही लागते आणि ती टाळायची नसते. तुमचे आकडे त्या गटातले नाहीत, तेव्हा मनापासून करा आणि नवा रिपोर्ट इथे नक्की टाका.