बाप्तिस्मा झाला, पुढे कोण?

जुवारीकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, ‘मुसलमानांतून आलेल्यांचा वेगळा गट कशाला, वेगळे लाड कशाला? चर्चचं दार सगळ्यांना सारखंच उघडं.’ वाचून झोप लागली नाही, म्हणून लिहितेय. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणाला इथे गोव्यात आमच्या चर्चमध्ये कोल्हापूरकडच्या एका मुसलमान मुलाचा बाप्तिस्मा झाला. टाळ्या, फोटो. मग हॉलमध्ये जेवण: डुकराचं सोरपोतेल, डुकराच्याच मांसाचा चोरिस-पाव, आणि इडलीसारखी सान्नां. तो दोन कोरडी सान्नां ताटात घेऊन खांबाला टेकून उभा. जन्मभर जे शिवलं नाही, ते डोक्यावर पाणी पडल्याबरोबर घशाखाली उतरतं का? कुणाला माशाची कढी करावीशी वाटली नाही. पुढची ईद त्याने भाड्याच्या खोलीत दार लावून काढली. घरून फोन नाही, आमच्याकडूनही नाही. पास्कापासून पेंतेकोस्तपर्यंतचे ५० दिवस विधीत नवख्यांच्या सोबतीसाठीच ठेवलेत. आम्ही पादिनची, म्हणजे धर्मपित्याची, सही घेतली आणि मोकळे झालो.

साष्टीकर:
ते मीच लिहिलं होतं, आणि ‘लाड’ हा शब्द मागे घेत नाही. वेगळा गट केला की तो वेगळाच राहतो. बामण, चाड्डी, सुदिर अशा जाती करत कोंफ्रारियांनी, म्हणजे चर्चच्या मंडळांनी, काय केलं ते माझ्या आजोबांनी भोगलंय. फेस्ताला त्यांना मंडळाचा तांबडा झगा कधी अंगावर चढवू दिला नाही.

फोंड्याची वाट:
मुळात त्या मुलाला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कळते का? कोल्हापूरकडून आलेल्याच्या हातात रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीचं, पुस्तक देऊन काय उपयोग? इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सनी १६१६ साली रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं ते मराठीत! आज एक मराठी मिस्सा मागा, कपाळाला आठ्या पडतात.

साष्टीकर:
झालं सुरू. छापलं रोमीतच, ते सोयीने विसरलात. आणि त्यात कोंकणीही आहे.

फोंड्याची वाट:
लिपी रोमी, ओव्या मराठी. १९८७ च्या राजभाषा कायद्यातही मराठीला सरकारी कामात जागा आहे. तुमच्या चर्चमध्ये नाही.

साष्टीकर:
त्याच कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरी, असं लिहून ठेवलंय! रोमीत शिकलेली माझी आई सरकारच्या लेखी अडाणी ठरली. आम्हाला जागा दाखवू नका.

मुरगावची:
लिपीवरून भांडताय तेवढ्या वेळात कुणी त्या मुलाकडे चहाला जाऊन आलं असतं. बारा वर्षांपूर्वी मीही मुसलमानांतूनच आले. भाषा जमली. जमली नाही ती संध्याकाळ. रोजा सोडताना आमचं घर भरलेलं असायचं, खजुराची ताटली या हातातून त्या हातात फिरायची. इथे मिस्सा संपली की पाच मिनिटं पार्किंगमध्ये, मग ज्याची त्याची गाडी. आणि सगळ्यांसमोर उभं करून ‘तुझी साक्ष सांग, ख्रिस्ती कशी झालीस’ म्हणणं थांबवा. माझा भाऊ याच गावात दुकान चालवतो.

काणकोणचा:
मी मुसलमान आहे आणि राहणार. माझी चुलत बहीण तिकडे गेली. काकांनी अबोला धरला, हिस्सा देणार नाही म्हणाले. वकिलाने समजावलं, गोव्यात नागरी कायदा सगळ्यांना एकच, आईबापांच्या मालमत्तेतला मुलांसाठी राखलेला निम्मा वाटा धर्म बदलल्याने जात नाही. पण काकू अजून ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवते. बहिणीला चर्चमधल्या एक बाई सांगतात, परत पाठव, मन मागे ओढेल. हा आधार म्हणायचा? तिची आई आहे ती!

जुवारीकाठ:
त्या बाईंचं साफ चुकलं. बहिणीला सांगा, डबा घे, आणि आईला फोनही कर.

साष्टीकर:
डबा परत करायला लावणं मलाही पटत नाही. वेगळ्या गटाला माझा विरोध कायम. पण जुवारीकाठ, त्या मुलाला रविवारी आमच्याकडे जेवायला पाठवा. बायको बांगड्याची कढी करेल. मिस्सा मात्र कोंकणीतच.