पोदेराला ढाल करू नका: यीस्ट, पाव आणि पडद्यावरची कोडी

सुरंगी

परवा इथे, आपल्या गोव्याच्या चर्चापानावर, 'साधा हिशेब' ह्यांनी लिहिलं: "कोणी पाव का फुगतो ते मोजतो, कोणी यीस्टची पेशी कशी दुभंगते ते बघत जन्म घालवतो, कोणी पडद्यावर कोडी सोडवतो आणि त्याला संशोधन म्हणतो. पाव फुगवायला आमचा पाव भाजणारा पोदेर पुरे. हा पैसा रस्त्यांना द्या." खाली अंगठ्यांचा ढीग. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही.

मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी मुलांना सूर, म्हणजे माडाची ताडी, दाखवला. सकाळी सातला माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराकडून बाटली आणली, तोंडाला फडकं बांधलं. नवाच्या तासाला पोचेपर्यंत फडकं फुगून वर आलं होतं. काचपट्टीवर एक थेंब, त्यावर मिथिलीन ब्लूचा थेंब, आणि चारशे पटीने मोठं करून बघायचं. मेलेल्या पेशी निळ्याशार दिसतात. जिवंत पेशी रंग घेत नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या कडेला इवलासा कोंब आलेला असतो, काजूच्या फळाला, बोंडूला, बी चिकटलेली असते तसा. एका मुलाने विचारलं, "टीचर, ही फुटायची कधी थांबणार? तिला कोण सांगतं?"

अमेरिकन शास्त्रज्ञ लीलंड हार्टवेल ह्यांनी पावाच्या यीस्टला हाच प्रश्न विचारला. इंग्लंडच्या पॉल नर्स ह्यांनी दुसऱ्या एका यीस्टला विचारला, ते यीस्ट पूर्व आफ्रिकेतल्या बाजरीच्या बियरमधून आलेलं. त्याच्या नावातला 'पोम्बे' हा स्वाहिली शब्द, अर्थ बियर. १९८७ मध्ये नर्स ह्यांच्या गटाने बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचा जनुक घातला आणि ते यीस्ट पुन्हा दुभंगायला लागलं. म्हणजे सुराच्या मडक्यातली किल्ली आणि आपल्या शरीरातली किल्ली एकाच कुलपाला लागते. २००१ चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि टिम हंट ह्यांना मिळालं ते पेशी कशी दुभंगते ह्या कामासाठी.

आता कोणी सांगावं, ह्यातलं अन्नशास्त्र कुठे संपतं आणि पेशीशास्त्र कुठे सुरू होतं. 'एन्झाईम' ह्या ग्रीक शब्दाचा अर्थच 'यीस्टच्या आत'. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुखनर ह्यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाटून नुसता रस काढला आणि त्या निर्जीव रसाने साखर आंबवली, तिथून जीवरसायनशास्त्र उभं राहिलं. आम्लता मोजायचं पीएच हे माप १९०९ मध्ये आलं ते कोपनहेगनच्या बियरवाल्यांच्या प्रयोगशाळेतून. ह्यातलं नेमकं कुठलं काम रस्त्यांसाठी बंद करायचं होतं?

---

साधा हिशेब

टीचर, शिकवता चांगलं, पण नोबेलांची यादी मला देऊ नका. ती माणसं अमेरिकेची, इंग्लंडची. मी इथल्या पैशाबद्दल बोलतोय. माझ्या भाच्याने पाच वर्षं पीएचडी केली, पेशींवरच. त्याची शिष्यवृत्ती एकदा आठ महिने आली नाही. बहीण दागिने गहाण ठेवून त्याच्या खोलीचं भाडं भरत होती. आज तो विमा विकतो. त्याने पाच वर्षं काय शोधलं ते त्याच्या आईला आजही सांगता येत नाही, कारण त्याचा प्रबंध तिच्या भाषेत नाही. तुम्हाला सूर बघून आनंद झाला, मला बहिणीच्या बांगड्या दिसतात.

---

सुरंगी

तुमच्या बहिणीचं वाईट वाटलं, खरंच. पण हा दोष शिष्यवृत्ती अडवणाऱ्याचा आहे, यीस्टचा नाही. संशोधन बंद केलं तर तुमच्या भाच्याला आठ महिन्यांचे पैसे मिळणार आहेत का?

आणि "ती माणसं तिकडची" हे चालणार नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यात जन्मले. पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, त्यांनी गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. आजही भाताच्या वाणाचा जनुकीय नकाशा संगणकावर काढायला बसलं की 'कोसंबी' हा पर्याय समोर येतो. गणिताच्या मास्तराने पेशीत डोकं घातलं आणि फायदा शेताला झाला.

---

खेळगडी

मी झुआरीनगरच्या हॉस्टेलवरून लिहितोय. "पडद्यावर कोडी" हे मला लागलं, कारण मी तेच शिकतो.

हिशेबभाई, फोल्डिट नावाचा खेळ २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून आला. प्रथिनाची साखळी पडद्यावर असते, ती हाताने वळवायची, दुमडायची. घडी जितकी घट्ट आणि नीट तितके गुण. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूचं एन्झाईम होतं, त्याची रचना तज्ज्ञांना दहा वर्षांहून जास्त सापडत नव्हती. २०११ मध्ये खेळणाऱ्यांनी ती तीन आठवड्यांत काढली. त्यांतल्या बहुतेकांनी जीवरसायनशास्त्र शिकलेलंही नव्हतं. पण माणसाचा डोळा घडी ओळखतो. मोदकाची कळी बिघडली तर आई लांबून सांगते, तसं. ती नजर यंत्राला कशी जोडायची, हा आमचा विषय. बटण कुठे ठेवायचं, चूक झाली की हाताला कशी कळवायची, कंटाळलेल्या माणसाला पुढच्या कोड्याकडे कसं न्यायचं, ह्यावर वर्षं जातात.

---

साधा हिशेब

ते आता यंत्रच करतं. अल्फाफोल्ड नावाच्या एआयने सगळी प्रथिनं दुमडून टाकली, पेपरात मीही वाचलंय. मग तुमचे खेळगडी कशाला हवेत?

---

खेळगडी

अर्धं वाचलंत. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा अल्फाफोल्डच्या हसाबिस आणि जंपर ह्यांना गेला. उरलेला अर्धा डेव्हिड बेकर ह्यांना. फोल्डिट त्यांच्याच प्रयोगशाळेत संगणकवाल्यांबरोबर जन्मलं. आणि अल्फाफोल्ड शिकलं कशावर? १९७१ पासून लोकांनी प्रथिनांचे स्फटिक वाढवून, क्ष-किरणांखाली ठेवून, एकेक रचना साठवली त्या भांडारावर. एकेका रचनेमागे कुणाची तरी तुमच्या भाच्यासारखी पाच वर्षं आहेत. ती वर्षं नसती तर यंत्राला शिकायला काही नव्हतं.

---

केप्याचा बागायतदार

प्रथिनं राहू द्या. माझ्याकडे मार्च ते मे बोंडू पडतो. दुपारी उचलला नाही तर संध्याकाळी आंबलेला. निरो, म्हणजे बोंडूचा रस, किती निघेल, हुर्राक, म्हणजे त्याची पहिली दारू, कसा पडेल, हे अजून दारूच्या भाटीवरचा म्हातारा बाटली हलवून, फेस बघून सांगतो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फोटो निघाले. माझ्या भाटीत त्या कागदाने काय बदललं? मी हिशेबभाईंच्या बाजूने. इथल्या लॅबनी शेतकऱ्याला काय दिलं ते एक नाव घेऊन सांगा.

---

सुरंगी

दोन घ्या. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन केंद्राने निवडलेला काजू, बाळ्ळी-२. आणि खाजनातल्या खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या आपल्या कोरगुट भातातून त्यांनीच निवडलेली गोवा धानची वाणं. बाळ्ळी तर तुमच्याच तालुक्यात.

---

केप्याचा बागायतदार

बाळ्ळी-२ ची चाळीस कलमं आहेत माझ्याकडे. चांगली धरतात. बरं, ते लॅबचं. मी त्याला शेती म्हणतो, संशोधन म्हणत नाही, पण ठीक आहे. बोंडूचा प्रश्न तसाच आहे.

---

माशेलची माई

मला ह्यातलं शास्त्र कळत नाही. धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग, हाडांत गेलेला. डॉक्टरांनी पाल्बोसिक्लिब नावाची गोळी दिली. एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस बंद. तिच्या मुलीने समजावलं की ही गोळी पेशीला दुभंगू देत नाही, आणि दुभंगण्याच्या तसल्या किल्ल्यांतली पहिली यीस्टमध्ये सापडली. गोळी २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. यीस्टवरचं काम त्याच्या चाळीसेक वर्षं आधीचं. तेव्हा कुणी म्हणालं असतं की हा पैसा रस्त्याला द्या, तर? बहीण आणखी तीन चतुर्थ्या बघून गेली. तिसऱ्या चतुर्थीला गणपतीवरची फळापानांची माटोळी तिने स्वतः बांधली. हिशेबभाई, त्या तीन वर्षांचा हिशेब मांडा.

---

साधा हिशेब

माई, तुमच्याशी वाद नाही.

---

फोर्नवरचा

सगळे पोदेराचं नाव घेताय, फोर्नसमोर, पावाच्या भट्टीसमोर, उभा राहिलेला कोणी दिसत नाही. माझा बाप तीस वर्षं दुसऱ्याच्या फोर्नवर पीठ मळत होता. रात्री पीठ, पहाटे तीनला लाकडं, साडेपाचला मुलगा सायकलवर पोंपों वाजवत बाहेर.

बापाच्या सुरुवातीच्या वर्षांत पीठ सुरावर फुगायचं. पावसात सूर पातळ, पीठ उशिरा वर यायचं. एका मे महिन्यात सलग चार दिवस पीठ आंबट, चिकट, हाताला ओढणारं झालं. गोल उंडे पाव बसले, कोंड्याची पोई फुगलीच नाही. चारही दिवसांचं पीठ टाकलं आणि मालकाने पगारातून कापलं. बाप दहा जणांना विचारत फिरला. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं पीठ जुनं.

"पोदेर पुरे" म्हणता. पोदेराला स्वतःला पुरत नव्हतं हो! त्याला प्रश्न होता आणि उत्तर देणारा कोणी नव्हता. आपल्या वादात त्याला काठीसारखा वापरू नका.

---

केप्याचा बागायतदार

सुराची पोई गेली तेव्हाच पोई संपली. आता मिळते तो कोंडा लावलेला स्पंज. पोदेरांनी आळस केला आणि यीस्टचं पाकीट धरलं.

---

फोर्नवरचा

आळस? तोंड सांभाळा. सूर आणणार कुठून? माड तुमचे. रेंदेराला चढायला देण्यापेक्षा नारळ विकलेले बरे, हे बागायतदारांनीच ठरवलं. रेंदेराचे मुलगे बोटीवर गेले, कारण रोज दोन-तीनदा माडावर चढून उतरण्याला मान नाही आणि पैसाही नाही. पाकीट दोन तासांत पीठ फुगवतं आणि रोज सारखं फुगवतं. ज्याचा पगार कापला जातो तो पाकीटच घेणार.

---

केप्याचा बागायतदार

माड देऊन बघितलेत मी. दोन वर्षं दिले. माणूस गणपतीला जातो म्हणून गेला, परत आला नाही. सगळा दोष बागायतदाराच्या डोक्यावर मारू नका.

---

माशेलची माई

भांडता कशाला? तांदळाच्या वाफवलेल्या सान्नांचंही तेच झालं. पाकिटाने फुगतात, पण सकाळची सान्न संध्याकाळी खाल्ली की कळतं काय गेलं ते. आमच्या शेजारणीच्या घरी नाताळात टोप उघडला की वास अंगणात यायचा.

---

सुरंगी

माई, तो वास कशाचा तेच सांगते, आणि फोर्नवरच्यांच्या बाबांना तेव्हा कोणी दिलं नाही ते उत्तरही.

पाकिटात एकाच जातीचं यीस्ट, निवडून वाढवलेलं, झपाट्याने वायू करणारं. सुरात यीस्ट अनेक, शिवाय लॅक्टिक आम्ल करणारे आणि शिरका करणारे जिवाणू. पहिले काही तास यीस्टचं राज्य असतं. उन्हाळ्यात, दुपार उलटली की जिवाणू पुढे जातात आणि आम्ल वाढतं. थोडं आम्ल म्हणजे तो वास आणि ती चव. जास्त झालं की पिठातला चिवटपणा तुटतो, वायू धरून ठेवणारी जाळी सैल पडते, आणि पाव बसतो. मे महिन्यात उशिरा आलेला सूर असेल तर हेच होणार. चार आण्यांच्या पीएच कागदाने तो सूर फोर्नवर पोचण्याआधी ओळखता आला असता. त्यात तुमच्या बाबांची चूक नव्हती.

माझं म्हणणं इतकंच आहे आणि मी ते सोडणार नाही. ज्या मडक्यात रेंदेर पिढ्यान्पिढ्या सूर उतरवतो त्या मडक्याच्या भिंतीत त्याचं यीस्ट बसलेलं असतं. रेंदेर शेवटचा उतरला आणि मडकं कोरडं पडलं की ते गेलं. ग्लिसरॉलमध्ये उणे ऐंशी अंशाला ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असे सूक्ष्मजीव सांभाळणारा संग्रह आहे. पेशी ओळखणारा हवा, पावात वापरून बघणारा हवा, आणि कुठल्या वाड्यावरचा सूर कुठल्या महिन्यात कसा वागला हे रेंदेराला मोबाईलवर स्वतः नोंदवता येईल असं काही बनवणारा हवा. हे तिघे एका टेबलाशी बसले नाहीत तर काम होत नाही.

---

खेळगडी

नोंदवायचं मी बनवतो. लिहावं लागणार नाही, बोलून आणि फोटो काढून. मराठी, कोकणी दोन्ही.

---

साधा हिशेब

रस्त्यांचं मी मागे घेत नाही. आमच्या वाड्याचा रस्ता चार पावसाळे तसाच आहे. भाच्याचंही विसरणार नाही. पण पोदेराचं वाक्य मूळ लिखाणातून काढलं, आत्ताच. फोर्नवरच्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. भाच्याला हा धागा पाठवलाय. तो म्हणतो की ग्लिसरॉलमध्ये यीस्ट साठवणं हे त्याने पाच वर्षांत शेकडो वेळा केलंय. रविवारी मोकळा असतो.

---

केप्याचा बागायतदार

आमच्या वाड्यावर एकच रेंदेर चढतो. वय अडुसष्ट. सकाळी साडेसहाला उतरतो. मडकं त्याच्या बापाचं. विचारून ठेवतो, पण दहाजण घेऊन येऊ नका, त्याला आवडत नाही.

---

सुरंगी

तिघं येतो, मी, खेळगडी आणि भाचा. भाई, त्यांना एवढंच सांगा की त्या दिवशी मडक्याला चुना लावू नका, चुन्याने सूर आंबायचा थांबतो. बाटल्या उकळून मी आणते. बूच सैल ठेवायचं, मागे एकदा घट्ट लावलं आणि बाटली गाडीत फुटली.

---

फोर्नवरचा

एक लिटर जास्त घ्या. बाप आता मळत नाही, पण बसून सांगेल. पीठ मी मळतो.